स्वेटर घाला म्हणे!

थंडी सुरू झाली की इथे इंग्लंडात एक सल्ला फुकट वाटला जातो. "घरात गार वाटतंय? मग अजून एक स्वेटर घाला की!" सल्ला देणारा स्वतः बहुतेक वेळा टी-शर्टमध्ये असतो, पाठीशी रेडिएटर, हातात चहा. २०२२ च्या जानेवारीत तर इथल्या एका मोठ्या वीज-गॅस कंपनीने ग्राहकांना ऊब टिकवायच्या युक्त्या कळवल्या होत्या. घरातल्या माणसांना, कुत्र्या-मांजरांना कुशीत घ्या, गरमागरम लापशी खा, आलं खा, दोन-चार उड्या मारा. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने माफी मागितली म्हणा, पण मला त्या माफीपेक्षा ती यादीच जास्त खरी वाटली. गारठ्यात राहणाऱ्या माणसाविषयी वरच्यांना मनातून काय वाटतं ते त्यात उघड दिसत होतं. थंडी ही तुमची सवय आहे, सवय बदला!

आज ह्याच विषयावर भांडायचं आहे. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा :-)

आधी पुण्याच्या मावशीचा प्रश्न. फोनवर मी काहीतरी सांगत होते तर म्हणाली, "अगं, इंग्लंडात कसली आलीये गरिबी? तिकडे तर घरोघरी हीटर असतो ना?" असतो मावशी, हीटर घरोघरी असतो. पण तो लावायला पैसे सगळ्यांकडे नसतात, आणि लावला तरी ऊब आत राहील अशी सगळी घरं नसतात. ह्या प्रकाराला इथे 'फ्युएल पॉव्हर्टी' असं नाव आहे. आपण इंधन-दारिद्र्य म्हणू.

ब्रेंडा बोर्डमन नावाच्या विदुषीने १९९१ मध्ये ह्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि एक साधी कसोटी दिली. घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागत असेल तर ते कुटुंब इंधन-दरिद्री. 'करावा लागत असेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रत्यक्षात किती खर्च होतो हे बघून काही कळत नाही, कारण सगळ्यात गरीब माणूस कुडकुडत बसतो आणि त्याचं बिल सगळ्यात कमी येतं! बोर्डमनबाईंचा दुसरा मुद्दा तर मला पाठच झालाय. नुसती गरिबी असेल तर हातात पैसे देऊन ती कमी होते. इंधन-दारिद्र्याचं मूळ मात्र भिंतीत, छतात, खिडकीत आणि बॉयलरमध्ये असतं. म्हणजे पैसे लावायला हवेत ते घराला.

ह्याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगते. २००० साली कायदा झाला. पुढच्या वर्षी सरकारने धोरण जाहीर केलं की शक्य तितपत, २०१६ पर्यंत इंग्लंडात एकही कुटुंब इंधन-दरिद्री राहणार नाही. त्यानंतर गॅसचे भाव वाढले, आकडे खाली यायच्या ऐवजी वर जायला लागले. मग २०१३ मध्ये व्याख्या बदलली. २०२१ मध्ये पुन्हा बदलली. आताच्या व्याख्येप्रमाणे घराला ऊर्जेच्या प्रमाणपत्रात ए, बी किंवा सी श्रेणी असेल तर आत राहणारा माणूस कितीही कफल्लक असो, तो इंधन-दरिद्री नाही. नव्या मापाने २०२४ मध्ये इंग्लंडातली साधारण ११ टक्के कुटुंबं ह्यात मोडत होती. घरभाडं किंवा हप्ता वजा करून उरलेल्या पैशांवर जुनी १० टक्क्यांची कसोटी लावली तर हाच आकडा एक तृतीयांशाच्या वर जातो. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरच्या रेघा पुन्हा आखायच्या, असला हा प्रकार.

मी गेली काही वर्षं दर शनिवारी सकाळी आमच्या गावातल्या एका सल्ला केंद्रात बसते. काम फार मोठं नाही. लोकांची बिलं वाचायची, अर्ज भरून द्यायचे, फोनवर त्यांच्यासाठी ताटकळायचं. येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरांत राहणारे. (घरच्या मंडळींसाठी खुलासा: कौन्सिल म्हणजे नगरपालिका समजा आणि हाउसिंग असोसिएशन म्हणजे ना-नफा संस्था. त्यांची घरं बाजारभावापेक्षा कमी भाड्याने मिळतात. म्हाडासारखं, पण लॉटरी नाही आणि घर मालकीचं होत नाही. इंग्लंडातल्या साधारण दर सहा कुटुंबांमागे एक अशा घरात राहतं.)

एक आजी येतात. वय ८१, इंग्रज, आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केलेली. त्यांच्या घरात प्रीपेड मीटर आहे. दुकानात जाऊन कार्डावर पैसे भरायचे, मग घरी येऊन मीटरला लावायचं. पैसे संपले की हीटिंग बंद. ह्या प्रकाराची गंमत अशी की कंपनीने वीज तोडली असं कुठेही नोंदलं जात नाही, माणूस स्वतःच स्वतःला तोडतो! उन्हाळ्यात हीटिंग लावलं नाही तरी रोजचा स्टँडिंग चार्ज चढत राहतो, आणि ऑक्टोबरात भरलेले पहिले पैसे आधी तो गिळतो. आजी एका खोलीत राहतात, बाकीच्या दोन बंद. बंद खोल्यांच्या कोपऱ्यांत काळी बुरशी. मी त्यांना विचारलं, घर बदलून मागितलं का? म्हणाल्या, "ते म्हणतात मी घर नीट गरम ठेवत नाही, म्हणून बुरशी येते."

नीट वाचा ते वाक्य. घर गरम ठेवणं परवडत नाही, कारण घर ऊब धरत नाही. आणि ऊब न धरणाऱ्या घराला बुरशी आली, तर चूक कोणाची? राहणाऱ्याची.

दुसरं उदाहरण आपल्यातलंच आहे. माझ्या ओळखीची एक मराठी बाई, वीसेक वर्षं इथे आहे. संसार मोडला, आता दोन मुलांना घेऊन हाउसिंग असोसिएशनच्या फ्लॅटमध्ये राहते. मुलांच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर बुरशी आली म्हणून तिने तक्रार केली. तपासायला आलेल्या माणसाने भिंतीला हातसुद्धा लावला नाही. स्वयंपाकघरात कुकर बघितला, वाळत घातलेले कपडे बघितले, आणि कागदावर एक शब्द लिहून गेला. 'लाइफस्टाइल'. म्हणजे हिची राहणी! वरण-भात, कुकरच्या शिट्ट्या, फोडणी आणि ओले कपडे ह्यांच्यामुळे इमारत आजारी पडली. तिने मग आठवड्यातले पाच दिवस पोळी-भाजीचा बेत बंद केला. जानेवारीत खिडकी उघडी ठेवून मुलांना जॅकेट घालून अभ्यासाला बसवलं. बुरशी होती तिथेच राहिली.

ती का राहिली हे कळायला इंजिनिअर व्हायची गरज नाही. मे महिन्यात आपण माठातल्या गार पाण्याने स्टीलचा पेला भरतो. दोन मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटतो. पेला फुटका नसतो आणि घरातली माणसंही जास्त श्वास घेत नसतात. हवेतली वाफ गार धातूवर बसते, एवढंच. इथे बाहेरची भिंत म्हणजे तो पेला. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १२ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बुरशीला तर दवाचीही वाट बघावी लागत नाही, त्याआधीच तिचं काम सुरू होतं. बाहेर शून्य अंश, भिंतीत इन्सुलेशन नाही, कोपऱ्यात कपाट लावलेलं.. मग भिंत गार पडणारच. माणसं श्वास घेणार, अंघोळ करणार, जेवण शिजवणार. घरं त्यासाठीच बांधतात ना? जेवण शिजवलं तर आजारी पडणारं घर हे घर म्हणून नापास आहे.

आणि हा 'लाइफस्टाइल'चा ठपका काही फक्त आपल्या फोडणीवर येतो असं नाही बरं का. ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात हचसनटाऊन ई नावाची काँक्रीटच्या तयार भागांची वसाहत उभी राहिली होती. १९७० च्या दशकात लोक राहायला आले आणि भिंतींवर ओल आली. ती इतकी की लोकांनी त्या इमारतींचं नावच 'द डॅम्पीज' ठेवलं. पक्के स्कॉटिश कामगार लोक, पण त्यांनाही हेच ऐकवण्यात आलं, दोष तुमच्या राहणीत आहे. रहिवाशांनी भाडं अडवलं, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं भांडले. शेवटी १९८७ मध्ये त्या इमारती पाडाव्या लागल्या, म्हणजे बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. राहणी चुकीची असती तर माणसं बदलून भागलं असतं, इमारती पाडायची वेळ आली नसती.

इंग्लंडच्या गृहनिर्माण लोकपालाने २०२१ च्या ऑक्टोबरात ओल आणि बुरशीवर एक अहवाल काढला, त्याच्या नावातच लिहिलं होतं की ही 'लाइफस्टाइल' नव्हे. पण तोवर उशीर झाला होता. रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा मुलगा २०२० च्या डिसेंबरात वारला होता, दुसरा वाढदिवस होऊन आठच दिवस झाले होते. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं होतं, वरून रंग मारा. २०२२ च्या नोव्हेंबरात कॉरोनरने निकाल दिला की घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा विकार होऊन तो गेला. त्या हाउसिंग संस्थेने मान्य केलं की आम्ही कुटुंबाच्या राहणीबद्दल गृहीतकं केली, आणि ती चुकीची होती.

दोन वर्षांचं मूल. मी हे वाक्य लिहून थोडा वेळ उठून गेले होते.

आता 'पण' म्हणणाऱ्यांकडे वळते. इथल्या आपल्याच मंडळींत हे 'पण' मी बरेच वेळा ऐकलेत. चांगली शिकलेली, चांगली कमावणारी माणसं, दिवाळीला एकत्र जेवणारी.

पहिला 'पण': "पण सरकार मदत देतंच की!" देतं ना. १९९७ पासून म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात इंधनासाठी रक्कम मिळते. २०२४ मध्ये ती बहुतेकांची काढून घेतली, बोंबाबोंब झाली, २०२५ मध्ये वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना परत दिली. सगळा देश वर्षभर ह्या दोन-तीनशे पौंडांवर भांडला. त्याआधी २०२१-२२ मध्ये गॅसचे भाव भडकले. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वसाधारण घराची वर्षाची दर-मर्यादा ११३८ पौंड होती, ती २०२३ च्या जानेवारीत कागदावर ४२७९ झाली. लोकांना खरोखर तेवढं भरावं लागू नये म्हणून सरकारने मध्ये पडून सर्वसाधारण बिल २५०० च्या आसपास धरून ठेवलं आणि फरकाचे अब्जावधी पौंड स्वतः भरले. तेव्हा ते गरजेचंच होतं, नाहीतर माणसं मेली असती. पण ते पैसे गेले कुठे? गॅस जळला, ऊब भिंतीतून बाहेर गेली, आणि पुढच्या हिवाळ्यात भिंत तशीच्या तशी. तळाला भोक पडलेल्या बादलीत आपण दरवर्षी पाणी ओततो आणि ओतणाऱ्याला दानशूर म्हणतो. भोक बुजवायचा खर्च मात्र 'परवडत नाही'.

दुसरा 'पण': "पण सोशल हाउसिंगची घरं तर खाजगी भाड्याच्या घरांपेक्षा बरी असतात!" सरासरी बघितली तर हे खरं आहे. ह्याचं श्रेय २००० नंतर कौन्सिलांनी केलेल्या दुरुस्त्यांना आहे, ते मी देते. खाजगी घरमालकांच्या तावडीत सापडलेल्यांची अवस्था आणखी वाईट आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण सरासरीत कोणी राहत नाही, माणूस एका विशिष्ट फ्लॅटमध्ये राहतो. शिवाय मी सोशल हाउसिंगपासून सुरुवात करा म्हणते त्याचं कारणच हे, की इथे काम करणं सोपं आहे. लाखो वेगवेगळ्या मालकांची मनधरणी करावी लागत नाही. अख्ख्या गल्लीचा, अख्ख्या टॉवरचा मालक बहुतेक एक, आणि तोही सार्वजनिक पैशावर चालणारा. एकदा परांची बांधली की शंभर घरं होतात. आणि आत राहणारे लोक देशातल्या सगळ्यात गरीब लोकांपैकी. ह्याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार?

तिसरा 'पण': "पण इन्सुलेशनच्या कामांचे काय घोटाळे झाले ते माहितीये का?" चांगलंच माहिती आहे, आणि ह्यावर मला जास्त बोलायचं आहे. कारण 'इन्सुलेशन लावा' एवढी घोषणा देऊन मोकळे होणाऱ्यांतली मी नाही.

ग्रेनफेल टॉवर आठवतो? लंडनमधली कौन्सिलची २४ मजली इमारत. नूतनीकरणात तिला बाहेरून इन्सुलेशन आणि वरून आवरण लावलं, २०१६ मध्ये काम पुरं झालं. जस्ताचं आवरण लावायचं ठरत होतं, पैसे वाचवायला ॲल्युमिनियमचं लावलं, ज्याच्या पोटात पॉलिएथिलीन होतं. आतलं इन्सुलेशनही जळणारं. १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. रहिवाशांच्या एका गटाने २०१६ मध्येच लिहून ठेवलं होतं की मोठा अपघात झाल्याशिवाय आमचं कोणी ऐकणार नाही. बुरशीची तक्रार असो वा आगीची, भाडेकरूचं म्हणणं खरं मानायचंच नाही ही सवय एकच आहे. 'लाइफस्टाइल' म्हणायचंच असेल तर ह्या सवयीला म्हणा!

नंतरचं उदाहरण अगदी ताजं. वीज-गॅस कंपन्यांवर गरीब घरांत इन्सुलेशन बसवून द्यायची सक्ती होती, खर्च सगळ्यांच्या बिलातून. २०२५ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय लेखापरीक्षकांचा अहवाल आला. ह्या योजनांखाली बाहेरच्या भिंतींवर बसवलेल्या इन्सुलेशनपैकी ९८ टक्के कामांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष. अठ्ठ्याण्णव! शंभरात दोन बरोबर आली ती चुकून आली असावीत. कंपनीने काम कंत्राटदाराला दिलं, त्याने पोटकंत्राटदाराला, त्याने आणखी कोणाला. कामगाराला काम कसं करायचं ते शिकवलं नाही, तपासणाऱ्याने तपासलं नाही. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात ही योजना गुंडाळायची घोषणा झाली, बिलं कमी करण्याच्या नावाखाली. म्हणजे डॉक्टर भोंदू निघाला म्हणून औषधच बंद!

मी ह्यातून उलटा धडा घेते. काम वाईट झालं कारण ते स्वस्तात, वरवर आणि ज्याच्या घरात करायचं त्याला न विचारता झालं. नीट केलं तर काय होतं ह्याचीही उदाहरणं ह्याच देशात आहेत.

पोर्ट्समथमध्ये विल्मकोट हाउस नावाची कौन्सिलची ११ मजली इमारत आहे, १९६८ ची. शंभराहून अधिक घरं, भिंती गार, विजेवरचं महागडं हीटिंग. पाडून टाकायचा विचार झाला होता. त्याऐवजी कौन्सिलने ती बाहेरून जाड, न जळणाऱ्या खनिज लोकरीने गुंडाळली, तिहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या, आणि मुख्य म्हणजे ताजी हवा आत आणून जाणाऱ्या हवेतली ऊब परत घेणारी यंत्रणा लावली. २०१८ मध्ये काम संपलं. राहणारे लोक त्या काळात तिथेच राहिले. त्रास झाला, वेळ लागला, वाद झाले. पण नंतर बऱ्याच घरांत हीटिंग लावायची गरजच फारशी उरली नाही.

नॉर्विचमधली गोल्डस्मिथ स्ट्रीट तर नवी बांधलेली. शंभरेक घरं, कौन्सिलची, भाड्याची, आणि पॅसिव्हहाउस ह्या कडक मानकाप्रमाणे बांधलेली. २०१९ मध्ये तिला स्टर्लिंग पुरस्कार मिळाला, जो ब्रिटनमधला वास्तुकलेचा सगळ्यात मानाचा. कौन्सिलच्या घरांना तो पहिल्यांदाच मिळत होता. ऊर्जेचा खर्च सर्वसाधारण घरापेक्षा ७० टक्के कमी येईल असा अंदाज तेव्हा दिला गेला होता. गरिबांचं घर म्हणजे कसंबसं उभं केलेलं घर, हा नियम निसर्गाने घालून दिलेला नाही हे तिथे जाऊन बघता येतं.

चौथा आणि शेवटचा 'पण' अर्थातच पैशाचा. कौन्सिलांकडे पैसे नाहीत, हे खरंय. का नाहीत? १९८० पासून भाडेकरूंना सवलतीत घरं विकली, त्या पैशातून नवी घरं बांधायला कौन्सिलांना पुरेशी मोकळीक दिली नाही. २०१६ पासून चार वर्षं सरकारने सोशल भाडी दरवर्षी एक टक्क्याने उतरवायला लावली. ऐकायला छान वाटतं, पण त्याच भाड्यातून छपरं दुरुस्त व्हायची होती. आणि न केलेल्या दुरुस्तीचा खर्च वाचत नाही, तो दुसऱ्या खात्यावर पडतो. इमारत संशोधन संस्थेच्या २०२१ च्या हिशेबाप्रमाणे इंग्लंडातल्या वाईट घरांमुळे आजारी पडणाऱ्यांवर एनएचएसचे वर्षाला १.४ अब्ज पौंड जातात. ह्यात शाळा बुडालेले दिवस नाहीत. रात्रभर खोकणाऱ्या पोराला घेऊन बसलेल्या आईची बुडालेली पाळी नाही.

मग माझं म्हणणं काय? चार गोष्टी.

एक, बुरशीची तक्रार आली की आधी भिंतीचं तापमान आणि हवेची आर्द्रता मोजा. मोजल्याशिवाय 'राहणी' हा शब्द कागदावर लिहायला बंदी असावी. दोन, इन्सुलेशनबरोबर हवा खेळती राहायची सोय केलीच पाहिजे. नुसतं घर घट्ट बंद केलं तर ओल आत कोंडते आणि बुरशी दुसरीकडे निघते. तीन, काम ज्याने केलं त्यानेच दोन हिवाळ्यांनंतर येऊन तपासून द्यायचं, आणि पूर्ण पैसे तेव्हाच मिळायचे. चार, तपासणीच्या कागदावर घरात राहणाऱ्याची सही हवी. आजींची सही. त्यांना सगळ्यात आधी कळतं की खोली गरम झाली की नाही.

घरच्या मंडळींना वाटेल, हिला परदेशातल्या भिंतींचं काय एवढं? मग मुंबईतलं गोवंडी बघा. प्रकल्पांत घरं गेलेल्यांना आणि झोपडपट्टीतल्या लोकांना तिथे इमारतींत आणून बसवलं, दोन इमारतींत काही ठिकाणी अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो, वाऱ्यासाठी पंखा बंद करता येत नाही. झोपडीत असताना येत होतं त्यापेक्षा बिल जास्त. अशा उजेड-वारा नसलेल्या घरांत क्षयाचं प्रमाण जास्त असल्याचं तिथल्या पाहणीत दिसून आलं. आणि ह्यावर आपल्याकडचं उत्तर काय असतं? "ह्या लोकांना फ्लॅटमध्ये राहायची सवय नाही." ग्लासगो, रॉचडेल, गोवंडी.. हवामान वेगळं, वाक्य तेच!

असो. एक उपयोगाची गोष्ट सांगून थांबते. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडात अवाबच्या नावाचा कायदा सोशल हाउसिंगच्या घरमालकांना लागू झालाय. जिवाला धोका असेल तर २४ तासांत कारवाई. मोठी ओल किंवा बुरशी असेल तर कामाच्या १० दिवसांत तपासणी, आणि धोका आढळला तर त्यानंतरच्या कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं. तपासणीत काय आढळलं ते लेखी द्यायचं. तुमच्या ओळखीत कोणी अशा घरात असेल तर सांगा, तक्रार फोनवर नको, लेखी करा. तारीख घाला, फोटो काढा, दहा-पंधरा पौंडांचं आर्द्रता मोजायचं यंत्र मिळतं ते खोलीत ठेवून रोजचा आकडा लिहून ठेवा. आणि कोणी 'लाइफस्टाइल' म्हणालं तर शांतपणे म्हणायचं, "हे मला लिहून द्या."

ती मराठी बाई म्हणाली होती तसं. तपासणी दुसऱ्यांदा झाली तेव्हा तिने एवढंच म्हटलं. लिहून द्यायला तो माणूस तयार झाला नाही, पण ह्या वेळी भिंतीला हात लावून बघितला.